इलेक्ट्रिक सीएलए: 792 किलोमीटरवर भुलायचं का?

घाटावरचा:
मर्सिडीजची इलेक्ट्रिक सीएलए मार्च 2025 मध्ये रोममध्ये दाखवली, तेव्हापासून इथे एकच आकडा फिरतोय: एका चार्जमध्ये 792 किलोमीटर. माझं म्हणणं, तो बाजूला ठेवा. हायवेवरचा चार्जर तिला काय देतो आणि स्पीडब्रेकरवर पोट घासतं का, एवढंच आपल्याला बघायचंय.

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून येताना साताऱ्याजवळ चार्जिंगला थांबलो. पाटी 120 किलोवॅटची. शेजारी दुसरी गाडी लागली आणि माझ्या स्क्रीनवर 104 चे 52 झाले. दोन चहा झाले, मुलं कंटाळली, टक्के हलेनात. सीएलए 320 किलोवॅटपर्यंत घेते म्हणे, दहा मिनिटांत 325 किलोमीटर. घेईल हो, देणार कोण?

दोन गिअर:
तुमचा त्रास खरा आहे, पण त्यातून उलटंच निघतं. चार्जर असे आहेत म्हणूनच रेंज मोलाची. चाकणला तयार होणाऱ्या मर्सिडीजच्याच मोठ्या इलेक्ट्रिक सेडानमध्ये, ईक्यूएस 580 मध्ये, 107.8 किलोवॅट-तासांची बॅटरी आहे, हिच्यात फक्त 85 ची. तरी एवढी पळते, कारण मागच्या मोटरला दोन गिअर दिलेत. पहिला जागेवरून उचलायला, दुसरा हायवेला, म्हणजे वेगातही मोटर उगाच गरगरत नाही. त्यात वाऱ्याला अडथळा कमी, ड्रॅग गुणांक 0.21. आपल्या उन्हात, एसी लावून 70 टक्के मिळाले तरी साडेपाचशे झाले. पुणे-कोल्हापूर जाऊन-येऊन 460 च्या आसपास. रात्री घरी लावा, साताऱ्याला थांबायचं कारणच उरत नाही.

मागच्या सीटवरून:
तुम्ही दोघेही स्टिअरिंगवर बसून बोलताय. माझ्या घरी सेडान घ्यायची ती आईवडिलांसाठी. मर्सिडीजच्याच लांब व्हीलबेसच्या ई-क्लासमध्ये पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 3094 मिलिमीटर, हिच्यात 2790. शिवाय बॅटरी पायाखाली, त्यामुळे गुडघे वर येतात. एका इलेक्ट्रिक सेडानमध्ये आईला बसवून बघितलं. मांडीखाली सीट लागतच नव्हती, अर्ध्या तासात ती हातावर भार देऊन बसली. पिकअप घेऊन काय करू?

दोन गिअर:
ताई, ई-क्लास वरच्या वर्गातली. ही स्वतः चालवणाऱ्याची गाडी आहे, तिला त्याच मापाने मोजा.

घाटावरचा:
मोजतो. स्वतः चालवणाराच रात्री अकराला चार्जर शोधत फिरतो, आणि गाडी आहे 800 व्होल्टची. युरोपात सुरुवातीच्या गाड्या 400 व्होल्टच्या फास्ट चार्जरवर चार्जच होत नव्हत्या, व्होल्टेज जुळवून देणारा कन्व्हर्टर मागाहून आला. आपल्याकडे तो नसेल तर तुमचे साडेपाचशे संपल्यावर काय करायचं?

दोन गिअर:
हा मुद्दा मान्य. कन्व्हर्टर आहे की नाही ते बुकिंगआधी शोरूमकडून लिहून घेणार. रेंजवर मात्र मी ठाम आहे.

मागच्या सीटवरून:
आणि मी टेस्ट ड्राइव्हला आईला घेऊन जाणार. चालवणार नाही, मागे तिच्या शेजारी बसणार.