केमिस्ट्रीच्या शिक्षकांसाठी वर्कशॉप सुचवा (अर्जंट)

पिपेटवाली: नमस्कार, मी सोलापुरात बीएस्सीला केमिस्ट्री शिकवते. मला एखादं चांगलं वर्कशॉप हवंय, शुक्रवारपर्यंत एचओडींना (विभागप्रमुखांना) नाव द्यायचंय नाहीतर परवानगी जाईल. जे दिसतंय ते सगळं झूमवर, शेवटच्या दिवशी फीडबॅक भरला की सर्टिफिकेट. तसलं नको. कोणी केलं असेल तर प्लीज लवकर सांगा.

होटगीरोड: कॅससाठी का, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीसाठी? पगाराच्या लेव्हल १० वरून ११ ला जायचं असेल तर २१ दिवसांचा इंडक्शन कोर्स झालाय का ते आधी सांगा. २०१८ च्या यूजीसी नियमात त्याच्या जोडीला रिफ्रेशर कोर्स किंवा निदान आठवड्याचा एफडीपी (शिक्षक प्रशिक्षण) लागतो. पुणे विद्यापीठाचं शिक्षक प्रशिक्षणाचं सेंटर बघा, पूर्वीचं एचआरडीसी, आता मालवीय मिशन म्हणतात.

भीमाकाठ: एवढं कशाला, सरकारच्या स्वयम पोर्टलवर मूक (MOOC, ऑनलाइन कोर्स) करा की. कॅसला तेही चालतं, घरबसल्या होतं. मी केलंय.

होटगीरोड: चालतं हो, पण त्या म्हणतायत ना ऑनलाइन नको म्हणून. वाचून तरी उत्तर द्या.

पिपेटवाली: कॅसचा प्रश्नच नाही, मी तासिका तत्त्वावर आहे. आठवडाभर गेले तर तेवढ्या तासांचे पैसे बुडतात, म्हणून जे करीन ते उपयोगाचं हवं. मला प्रॅक्टिकल नीट घ्यायला शिकायचंय. बॅचला २२ मुलं, चालू ब्युरेट (द्रावण थेंबाथेंबाने सोडून मोजायच्या काचेच्या नळ्या) ८. एक जण टायट्रेशन करतो, म्हणजे रंग बदलेपर्यंत द्रावण सोडून मोजतो, बाकीचे त्याचाच सीबीआर (ब्युरेटचं पक्कं रीडिंग) उतरवतात, काही तर सीनियरच्या जर्नलमधून. माझा जीव तुटतो. मुलं हुशार आहेत, पण एंड पॉइंट, म्हणजे रंग फिरतो तो क्षण, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली फार थोडी.

सातरस्ता: हे आधी लिहायचं ना ताई! मग मुंबईला मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघा. केमिस्ट्री ऑलिंपियाडचं काम तिथेच चालतं, प्रयोगावर त्यांचा जोर असतो. कॉलेजच्या शिक्षकांसाठी आता काही आहे का ते वेबसाइटवर बघून सरळ मेल टाका. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली की सकाळी मुंबईत.

जुनी_लॅब: २२ मुलं आणि ८ ब्युरेट असतील तर वर्कशॉपच्या आधी मायक्रोस्केल करा, म्हणजे तोच प्रयोग लहान प्रमाणात. ब्युरेटऐवजी सिरिंज, १० मिलीच्या जागी २ मिली घ्यायचं, केमिकलही वाचतं. मी किती वर्षं सांगतोय, कोणी ऐकत नाही.

होटगीरोड: सर, एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. १० मिलीला अर्धा टक्का चूक, २ मिलीला अडीच टक्के. क्वांटिटेटिव्ह (मोजमापाच्या) प्रयोगाला कसं चालेल?

जुनी_लॅब: बारीक सुई लावा, थेंब लहान पडतो. नाहीतर ड्रॉपर बाटली टायट्रेशनच्या आधी आणि नंतर काट्यावर वजन करा, ब्युरेटच नको.

शेंगाचटणी: विषय निघालाच आहे तर विचारतो, आमच्याकडे नळाला पाणी इतक्या दिवसांनी येतं की बोअरवरच भागवतो, भांड्यांवर पांढरा थर बसतो. आरओ घ्यावा का?

भीमाकाठ: पाण्याचा वेगळा धागा काढा. आणि मी अजूनही सांगतो, मूक करा, उद्या परमनंट झालात तर कामाला येईल.

पिपेटवाली: शेंगाचटणी, थांबा, तुमच्यामुळे एक सुचलं. ईडीटीए या रसायनाने टायट्रेशन करून पाण्याचा हार्डनेस (कठीणपणा) काढणं आमच्या सिलॅबसमध्ये आहेच. लॅबमधला एकच सँपल देण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या घरचं पाणी आणायचं, कुणाचं बोअर, कुणाचा नळ, कुणाची विहीर. मग रीडिंग उतरवणार कुणाचं? रंग वाइन रेडचा निळा होतो तो ज्याचा त्याने बघायचा. जुनी_लॅब सर, यात सिरिंज चालेल का?

जुनी_लॅब: चालेल. बोअरचं पाणी कठीणच निघेल, ईडीटीए भरपूर जाईल, म्हणजे थेंबाची चूक आपोआप कमी. अमोनिया बफरने पीएच १० ला ठेवा, नाहीतर रंग नीट फिरत नाही. प्रत्येकाला आपला आकडा पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी लावायला सांगा, २०० मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत.

पिपेटवाली: बुधवारच्या बॅचला घेते. मानखुर्दला मेल आत्ता टाकला. शुक्रवारच्या आत उत्तर नाही आलं तर एचओडींना काय सांगू?

सातरस्ता: फोन करा उद्या सकाळी. मेलची वाट बघू नका.

शेंगाचटणी: मॅडम, माझ्या बोअरचं पाणी एका बाटलीत पाठवू का?