‘उधळपट्टी’खेरीज आणखी कोणते शब्द वापरता येतील?

रेघोटी: लग्नसमारंभांतील खर्चावर आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिकांकासाठी मी लेख लिहीत असून, त्यात ‘उधळपट्टी’ हा शब्द इतक्या वेळा आला आहे की तो आता बोथट वाटू लागला आहे. ‘अपव्यय’ला सरकारी कागदाचा वास येतो, तर ‘पाण्यासारखा पैसा’ पार गुळगुळीत झाला आहे. जाणकारांनी कृपया पर्याय सुचवावेत.

खतावणी: आधी एक भेद लक्षात घ्यावा. पैसा उधळणाऱ्याला निदान मौज तरी मिळते. पैसे पाण्यात जातात तेव्हा तेवढेही पदरात पडत नाही. मांडववाल्याने आगाऊ रक्कम घेऊन तोंड दाखवले नाही, तर ती उधळपट्टी नव्हे. आणि कसलीही चौकशी न करता ती दिलेली असेल, तर ‘अक्कलखाती जमा’ म्हणावे. हा वाक्प्रचार हिशेबाच्या वहीतला आहे: जी रक्कम कोणत्याच खात्यावर दाखवता येत नाही, ती आलेल्या शहाणपणाच्या खात्यावर टाकून मोकळे व्हायचे.

माळरान: आपल्या विषयाला ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ ही म्हण चपखल बसेल. १९५७ साली दशमान नाणी येण्यापूर्वी रुपयाचे १६ आणे होत, म्हणजे म्हणीतला सगळा खर्च बरोबर एक रुपया आणि त्यातला पाऊण हिस्सा मसाल्याचा. मुख्य विधी तासाभराचा आणि कमानीवरची फुले, ड्रोनवरचे चित्रीकरण यांचे बिल मात्र जेवणावळीपेक्षा मोठे, अशा लग्नाला ती शोभते. कर्ज काढून केलेल्या थाटाला ती लावू नये. त्यासाठी ‘ऋण काढून सण’ आहेच.

खतावणी: पैसा कोणाचा, हेही पाहावे लागते. वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीवर चिरंजीवांनी हौस भागवली, तर त्या ‘आयत्या पिठावर रेघोट्या’ (प्रश्नकर्त्यांनी आपल्या टोपणनावाचा राग मानू नये). दुसऱ्याच्या मालावर स्वतःचे औदार्य मिरवणे म्हणजे ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’. ‘चुराडा’ मात्र मी सार्वजनिक निधीसाठी राखून ठेवीन. घरगुती खर्चाला तो फार जड होतो.

फडकरी: वरातीत नोटा उडवण्याला ‘दौलतजादा’ म्हणावे. तमाशाच्या फडात प्रेक्षकाने पैसे दिले की त्याचे नाव पुकारले जाते, आणि खरा सौदा त्या पुकाराचाच असतो. शब्दाचा मूळ रोख संपत्ती वाढो असा आहे, हा त्यातला खवचटपणा मला फार आवडतो.

रेघोटी: सर्वांचे आभार. राग नाही. वरातीच्या परिच्छेदात ‘दौलतजादा’ घेतो. ‘सढळ हाताने खर्च केला’ असे एके ठिकाणी लिहिले आहे, ते चालेल का?

माळरान: टीका करायची असेल तर चालणार नाही. सढळ हाताने वाढतात, मदत करतात. त्यात कौतुक असते. तेथे ‘हात सैल सोडला’ असे लिहावे.