सहा गुरांचा नियम: आकडा मोजायचा की हौदा?

सीमेवरचा: युरोपात राहणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना हमरस्त्यावर शेजारी डुकरांचा मजल्यांचा ट्रेलर आला, जाळीतून नाकं दिसली, की पोटात कालवतं. त्यांनी निपाणी-बेळगाव रस्त्यावरचा म्हशींचा टेम्पोही तसाच निरखून बघावा. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांत स्वच्छ लिहिलंय: एका गाडीत सहापेक्षा जास्त गुरं नकोत, सोबत एक माणूस हवा, तळाला काथ्याची चटई किंवा फळ्या हव्यात. सातवं दिसलं की गाडी जप्त करा, एवढंच माझं म्हणणं.

दावणीवाला: सहाचा आकडा धरून काय बसलाय? मोटार वाहन नियम १२५-ई मध्ये एका गाई-म्हशीला २ चौरस मीटर जागा सांगितलीय. पिकअपचा हौदा ९ बाय साडेपाच फूट धरा, साडेचार चौरस मीटर झाले. दोन म्हशी, संपलं. १४ बाय ६ फुटांच्या हौद्यात तीन. सहा न्यायच्या तर ७ फूट रुंद हौदा साडेअठरा फूट लांब पाहिजे. चिंचलीच्या जत्रेतून खोंडांची जोडी नेणाऱ्याला हे भाडं परवडतं काय? भाडं गाडीवर लागतं, जनावरावर नाही. कडक केलात की तीच गाडी रात्री आतल्या रस्त्यानं, वरून ताडपत्री ओढून जाणार. ताडपत्रीखाली हवा कोंडली की म्हशी धापा टाकायला लागतात.

चिकोडीकडचा पशुवैद्य: दोघंही आकड्यातच अडकलात. जनावर मरतं ते पडल्यामुळं. शेणमुतानं पत्रा निसरडा होतो, ब्रेक लागला की एक घसरतं आणि बाकीची त्याच्यावर पाय देतात. तळाला वाळू, वर साळीचं पिंजर टाका. तोंड इंजिनाकडं. दावं एवढंच सैल ठेवा की मान हलेल, पण पाय अडकणार नाही. मोठ्या हौद्यात दोनच जनावरं मोकळी सोडणंही वाईटच, आडवा बांबू बांधून कप्पा लहान करा. आणि म्हशीला घाम कमी येतो. मे महिन्यात गाडी धावत असते तोवर वारा तरी लागतो. कागद तपासायला दुपारी तासभर उन्हात उभी केली की तिच्या अंगाची खरी आग तिथं होते.

जर्मनीतल्या म्युन्स्टरहून: युरोपाचं उदाहरण देता तर पुरतं द्या. युरोपीय संघाच्या २००५ च्या क्रमांक १ च्या नियमावलीत मोठ्या गुरांना १४ तास प्रवास, निदान एक तास थांबा, परत १४ तास, हे कायदेशीर आहे. डुकरांना पाणी सतत मिळत असेल तर सलग २४ तास. एक गोष्ट मात्र घेण्यासारखी: गंभीर उघडी जखम असलेलं, चालता न येणारं, गाभणपणाचे नव्वद टक्के दिवस भरलेलं, व्यायल्याला आठवडा न झालेलं जनावर गाडीत चढवायचंच नाही. याला आपल्याकडं दमडी लागत नाही.

सीमेवरचा: ते मान्य. पण हे बघणार कोण? नाक्यावर जनावराच्या कानातला ओळखीचा पिवळा बिल्ला आणि बाजाराची पावती बघतात, हौद्यात डोकावत नाहीत.

दावणीवाला: आणि तुम्ही जप्त करा म्हणता, त्या म्हशी उतरवणार कशा? जनावरं चढवा-उतरवायचा उंच धक्का नसला तर साडेतीन फुटांवरून उडी मारायला लावतात, पाय मोडतो तो तिथंच. आधी नाक्याजवळ मातीचा धक्का, पाण्याची टाकी आणि सावली करा. मग जप्तीचं बोलू.