डंबा दिला म्हणून आजीवर गुन्हा दाखल करायचा का?

रानपाखरू (धागा)
फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटात २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे ६५ चटके दिल्याची बातमी आली. दुखणं जावं म्हणून असे चटके देणं म्हणजे डंबा. चार दिवस सगळे हळहळले, मग विसरले. माझं मत सरळ आहे. डंबा देणारा भूमका (गावातला पारंपरिक वैदू) असो की घरची म्हातारी, गुन्हा दाखल झालाच पाहिजे. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७५ : मूल ज्याच्या ताब्यात त्यानेच छळलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद. प्रथा म्हणून सोडून द्यायचं, तर त्या लेकराच्या बाजूनं बोलणार कोण?

आशाताई_चिखलदरा
दादा, गुन्हा दाखल करा, पण मंग पुढचं लेकरू मले दिसनार नाही. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या अन् बेचाळिसाव्या दिवशी मी बाळ पाहाले जाते. बाजूच्या ढाण्यात (वाडीत) एका घरी पोलीस येऊन गेले, तर महिनाभर बाया सांगत होत्या, बाळ मामाच्या घरी गेलं. बाळ आतच होतं, लुगड्यात गुंडाळून.

आजी काही वैरीण नाही. निमोनियात श्वास भरभर चालते, पोट वरखाली होते, तिले वाटते पोटाचंच दुखणं हाये. मी तिच्यासमोर मिनिटाचे श्वास मोजते. साठ किंवा जास्त भरले का गाडी बोलावते.

काळा_कोट
धाग्यात नाही, पण व्हॉट्सॲपवर फिरतंय म्हणून सांगतो. 'माहीत असून कळवलं नाही तर तुम्हालाच शिक्षा' हे पोक्सोचं, लैंगिक गुन्ह्यांपुरतं. डंब्याला लावू नका. मात्र १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कोणीही फोन करू शकतो, आणि बाल कल्याण समितीचं काम बाळाला सांभाळणं, आजीला शिक्षा देणं नव्हे.

ढाण्यावरचा
मी कोरकू. माझ्या पोटावर तीन डाग आहेत, आजीनेच दिलेले. मला शाळेत घालायला आठ किलोमीटर चाललीही तीच. पुढे शिकायला शहरात खोली केली, तिथली घरमालकीण चार वर्षांच्या पोराला अंथरूण ओलं केलं की उदबत्तीचा चटका द्यायची. तिथे त्याला शिस्त म्हणत. त्यावर धागा कधी काढताय?

रानपाखरू
लागलं. त्या घरमालकिणीवरही कलम ७५ लागतं, आणि हे मी आधी लिहायला हवं होतं. आजीबद्दलचं मागे घेतो. भूमकाबद्दलचं नाही. तो दुसऱ्याचं लेकरू भाजतो.

आशाताई_चिखलदरा
आमचा भूमका आता आधी मले फोन लावते. त्याचा नातू दवाखान्यात वाचला तेव्हापासून.

रानपाखरू
आणि जो फोन लावत नाही तो?

आशाताई_चिखलदरा
त्याच्यावर करा गुन्हा. फक्त माझं नाव सांगू नका. मले तिथंच राहाचं हाये.