मॅजेंटो १ वरचं दुकान शॉपिफायवर नेताना काय सांडतं?

सुईदोरा
शिलाई मशीनचे सुटे भाग विकते, दुकान फक्त ऑनलाइन. साइट मॅजेंटो १ या दुकान चालवायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर आहे. त्याचा सपोर्ट जून २०२० मध्येच संपला हे मला माहीत आहे, ओरडू नका. चाललं तोवर चालवलं. आता होस्टिंगवाल्यांनी जुनं पीएचपी (साइट ज्या भाषेवर चालते ती) बंद करायची तारीखच दिली, म्हणून शॉपिफाय या तयार ऑनलाइन दुकान-सेवेवर हलतेय. हे काम करणाऱ्या एजन्सीने थीमचे, म्हणजे साइटच्या रूपाचे, तीन नमुने पाठवलेत, देखणे आहेत. पण माझं गिऱ्हाईक देखणेपणासाठी येत नाही. ते हातातल्या भागावरचा नंबर गूगलमध्ये टाकतं आणि थेट त्या पानावर उतरतं. अशी १,८०० पानं आहेत. त्यांचे पत्ते बदलले तर? शिवाय एकच बॉबिन केस चाळीस मॉडेलना बसते. एजन्सी म्हणते, मॉडेलचे व्हेरिएंट करा, म्हणजे एकाच प्रॉडक्टखाली प्रत्येक मॉडेलचा वेगळा पर्याय. मला पटत नाही, पण का ते सांगता येत नाहीये.

जुना_कोडवाला
ताई, तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे. व्हेरिएंटचा साठा वेगळा मोजला जातो. तुमच्या डब्यात बॉबिन केस एकच प्रकारची. चाळीस व्हेरिएंट केलेत तर एक विकली की उरलेल्या एकोणचाळीस ठिकाणी आकडा खोटा. प्रत्येक मशीन मॉडेलची मेटाऑब्जेक्ट (शॉपिफायमधली स्वतंत्र नोंद) म्हणून एक नोंद करा आणि प्रॉडक्टच्या मेटाफील्डमध्ये, म्हणजे जादा माहितीच्या रकान्यात, त्या नोंदींची यादी जोडा. मॉडेलनुसार फिल्टरही त्यावरच लागतो.

पत्ते बदलणारच. शॉपिफाय प्रॉडक्टच्या पत्त्यात ‘/प्रॉडक्ट्स/’ घालतं, ते काढता येत नाही. म्हणून जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेणारी कायमची सूचना. सीएसव्हीने (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) एकदम चढवता येतात. सगळे होमपेजवर ढकलू नका, हा आळस फार जण करतात. नंबर शोधत आलेला माणूस होमपेजवर येऊन काय करणार? जुन्या पत्त्यांची यादी सर्च कन्सोलमधून (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) आणि सर्व्हरच्या लॉगमधून (कोणतं पान उघडलं गेलं त्याची नोंदवही) काढा. मॅजेंटोच्या रीराइट टेबलवर (त्याच्याकडची पत्त्यांची यादी) विसंबू नका, त्यात पत्त्याच्या शेपटाला -१, -२ लागलेला बराच कचरा साठतो. गूगल म्हणतं, रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा. मी म्हणतो, काढूच नका.

रात्रपाळी
गिऱ्हाइकांच्या पासवर्डची चिंता नको. जुने हॅश (पासवर्ड साठवायचं सांकेतिक रूप) तिकडे चालत नाहीत, पण नव्या कस्टमर अकाउंटमध्ये पासवर्ड नसतोच, ईमेलवर कोड येतो.

जुन्या ऑर्डरी चढवताना मात्र गिऱ्हाइकांना जाणाऱ्या ईमेल सूचना बंद आहेत ना, ते दोनदा बघा. आमच्याकडे राहिलं. तीन वर्षांपूर्वी पोचलेलं सामान ‘आज रवाना झालं’ असे ईमेल लोकांना गेले. दोघांनी आभार मानले!

आणि भागांच्या नंबरात सुरुवातीला शून्य असतं का? सीएसव्ही नुसती डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की ते शून्य उडतं. मधे इंग्रजी ‘ई’ असलेला नंबर, समजा १२ई४, आकडा समजून बदलून टाकतो. कॉलम ‘टेक्स्ट’ ठेवूनच आयात करा.

सुईदोरा
एजन्सीने पाठवलेली भागांच्या यादीची फाइल आत्ता उघडली. नोटपॅडमध्ये. शून्याने सुरू होणारा एकही नंबर नाही. माझ्याकडे असे दोनशेच्या वर आहेत, आणि परवा मीच ‘डेटा तपासला, ठीक आहे’ असं त्यांना लिहून दिलंय. थीमची बैठक पुढे ढकलली. मॅजेंटोतून नवी फाइल मीच काढते.