होस्ट फॅमिलीकडे राहून परदेशात वर्क प्लेसमेंट: सही करण्याआधी काय लेखी घ्यावं?

पाऊलवाट (प्रश्न)

आमच्या व्यवसाय प्रशिक्षण संस्थेतली सहा मुलं 10 आठवड्यांच्या वर्क प्लेसमेंटसाठी युरोपात जाणार आहेत. वयं 17 ते 19. दोघं बेकरीत, तिघं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आणि एक मुलगी वृद्धांच्या निवासी केंद्रात. राहणं-जेवणं होस्ट फॅमिलीकडे. त्या फॅमिली तिथली मध्यस्थ संस्था ठरवणार. आलेल्या कागदांत कंपनीचं नाव, पत्ता, तारखा आहेत. घराबद्दल मात्र एकच ओळ: "निवास व भोजन समाविष्ट". एवढ्यावर सही करावी का? अजून काय मागायचं?

कोरा कागद

नाही, एवढ्यावर करू नका. आधी कामाचा करार घ्या. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस या शिक्षण-प्रशिक्षण योजनेत 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट' असतं. त्यावर विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि कामाचं ठिकाण अशा तिघांच्या सह्या लागतात. तुम्ही त्या योजनेत नसलात तरी त्यातले रकाने वापरायला काहीच हरकत नाही. 18 खालच्या मुलांच्या कागदावर पालकांचीही सही घ्या.

त्यातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना कामाच्या वर्णनाचा, आणि नेमका तोच लोक मोघम भरतात. "वर्कशॉपमध्ये मदत" असं लिहिलं तर दहा आठवडे झाडू मारण्यात जातील आणि तक्रारीला जागा उरणार नाही. "देखरेखीखाली ब्रेक पॅड बदलणं, तेल व फिल्टर बदलणं, चाकांचं बॅलन्सिंग, स्कॅनर लावून एरर कोड वाचणं" असं लिहून घ्या. मार्गदर्शकाचं नाव, तो रजेवर असेल तर बदली कोण आणि आठवड्याचे तास हेही. शेवटी मिळणारं प्रमाणपत्र याच यादीवरून भरायचं असतं.

व्हिसाचं: शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, तुमचे 70 त्यात बसतात. पण राहण्याची परवानगी म्हणजे काम करण्याची नव्हे. बिनपगारी प्रशिक्षणालाही वेगळी मंजुरी लागते का, हे त्या-त्या देशाच्या वकिलातीकडून लेखी विचारा. मध्यस्थाचं "चालतं हो सगळं" धरून चालू नका.

विमा तीन प्रकारचा बघा. शेंगेन व्हिसासाठी लागणारा किमान 30,000 युरोंचा विमा आजारपण आणि आणीबाणीचा असतो. कामावरची दुखापत त्यात येईलच असं नाही. कंपनीचा विमा प्रशिक्षणार्थ्याला लागू आहे का, याचं उत्तर ईमेलवर हवं. तिसरा लायबिलिटी विमा, म्हणजे मुलाच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर. तो घरातल्या आणि कामावरच्या अशा दोन्ही नुकसानीला लागू हवा, आणि त्यात चावी हरवणं आहे का ते बघा. काही इमारतींत सगळ्या कुलपांची एकच प्रणाली असते. एक चावी हरवली की सगळी कुलपं बदलायचा खर्च अंगावर येतो.

तिसरा प्रहर

बेकरीवाल्या दोघांत कुणी 17 चं असेल तर आधी तिकडे बघा. युरोपीय संघाच्या 94/33 या निर्देशानुसार 18 खालच्यांना रात्री 10 ते सकाळी 6 किंवा 11 ते 7 काम करायला मनाई आहे. काही देश काही क्षेत्रांना सूट देतात, पण तेव्हाही मध्यरात्र ते पहाटे 4 हा वेळ साधारणपणे बंदच राहतो. शिवाय दिवसाला 8 तास, आठवड्याला 40 ही मर्यादा, आणि साडेचार तासांपेक्षा जास्त काम असेल तर अर्ध्या तासाची सुट्टी. बेकरीतलं खरं शिकण्यासारखं काम, म्हणजे पीठ मळणं, आंबवणं, पहिली भट्टी, पहाटेच उरकतं. म्हणजे 17 वर्षांच्या मुलाच्या वाट्याला पॅकिंग आणि काउंटरच येण्याची भीती. त्याच्या तारखा 18 पूर्ण झाल्यावरच्या घेता आल्या तर उत्तम.

दुसरा जो 18 च्या वरचा आहे, त्याची पाळी पहाटे 4 ला सुरू होत असेल तर त्या वेळेला बस आहे का? अंतर नकाशावर बघू नका, त्या वाराचं आणि त्या तासाचं वेळापत्रक बघा. रविवारचं वेगळं. शक्यतो चालत किंवा सायकलने पोचता येईल असंच घर मागा.

उंबरठा

घराचं मी सांगते. फॅमिली ठरली की मध्यस्थाकडून एक पानाचं पत्रक मागवा: घरात कोण कोण राहतं, प्राणी, धूम्रपान, खोली स्वतंत्र की कुणाबरोबर, दाराला आतून कडी, त्याच वेळी दुसरे पाहुणे आहेत का, घरातल्या सगळ्या प्रौढांची पोलीस पडताळणी झाली आहे का. 17 च्या मुलासाठी यातलं शेवटचं सोडू नका.

मग जेवण. "भोजन समाविष्ट" म्हणजे बऱ्याचदा नाश्ता आणि रात्रीचं. दुपारचा डबा कोण देणार? उशिरा येणाऱ्याचं जेवण झाकून ठेवणार का? पथ्य "शाकाहारी" एवढंच न लिहिता जिन्नस लिहा: अंडं, मासे, जिलेटिन, मांसाचं सूप घालून केलेला भात, यातलं काय चालतं, काय नाही.

वर्कशॉपच्या मुलांचे ग्रीसचे कपडे घरच्या मशीनमध्ये जाता कामा नयेत. दुसऱ्याच आठवड्यात त्यावरून धुसफूस सुरू होते. कामाचे कपडे कंपनी धुणार का, हे आधीच विचारून ठेवा. सेफ्टी शूज इथूनच न्या, आणि निघायच्या आधी दोन आठवडे रोज घालायला लावा.

अजून एक. यजमानांची लहान मुलं सांभाळणं, घरकाम हे त्यांनी गृहीत धरू नये. स्वतःचं ताट उचलणं, खोली आवरणं ठीक. नियमित बेबीसिटिंग सुरू झालं की तो 'ओ पेअर'चा, म्हणजे घरात राहून मुलं सांभाळण्याचा, प्रकार झाला. त्याची परवानगी वेगळी असते.

पाऊलवाट

खूप उपयोगी. घर जमलंच नाही तर काय? आणि केंद्रातल्या मुलीसाठी वेगळं काही?

कोरा कागद

मालकाच्याच घरी राहणं टाळा. तिथे बिनसलं तर काम आणि छप्पर दोन्ही एकदम जातं. घर बदलण्याचं कलम लिहून घ्या: सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर त्याच दिवशी दुसरीकडे सोय, बाकी तक्रारींना सात दिवस. आणि पैसे फॅमिलीला एकरकमी न जाता आठवड्याच्या हिशोबाने जावेत, नाहीतर "पैसे देऊन झालेत" म्हणून बदल अडतो. घर बदललं की नगर कार्यालयातल्या नोंदणीचा पत्ताही बदलावा लागतो. जर्मनीत राहायला आल्यावर दोन आठवड्यांत नोंदणी लागते आणि तिला घर देणाऱ्याचं लेखी पत्र जोडावं लागतं. थोड्या मुक्कामाला, पाहुण्यांना सवलती असतात. दहा आठवड्यांना काय लागू होतं ते तिथल्या नगर कार्यालयाला विचारा, आणि पत्र लागणार असेल तर फॅमिली ते देईल ना, हेही आधीच.

उंबरठा

ताईसाठी लशींचं आजच बघा. हिपॅटायटिस बी चे तीन डोस नेहमीच्या वेळापत्रकात 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात, म्हणजे ऐनवेळी पूर्ण होत नाहीत. आधी घेतले असतील तर त्याचा कागद इंग्रजीत करून घ्या. पोलीस पडताळणीचा दाखला या कामाला मागतातच, आणि तो किती महिन्यांच्या आतला हवा तेही विचारा. करारात उचलण्या-हलवण्याचं काम एकटीने नाही, प्रशिक्षित माणसाबरोबरच, आणि औषधं देणं अजिबात नाही, हे दोन्ही स्पष्ट यायला हवं. केंद्रातल्या वृद्धांचे फोटो मोबाईलवर काढायचे नाहीत, हे तिला निघण्याआधीच सांगा. तेवढ्यावरून प्लेसमेंट रद्द होऊ शकते.