अमिनुल इस्लाम यांच्या खुनाचा निकाल लागला, मग प्रकरण मिटले असे म्हणायचे का?

प्रश्न : वाचनवेडी

बांगलादेशातील गारमेंट कामगारांचे संघटक अमिनुल इस्लाम ४ एप्रिल २०१२ रोजी ढाक्याजवळच्या आशुलियातून बेपत्ता झाले. लग्न लावून द्यायचे आहे असे सांगत एक ओळखीचा माणूस बुरख्यातील स्त्रीला घेऊन आला आणि अमिनुल त्यांच्याबरोबर गेले. दुसऱ्या दिवशी टांगाइल जिल्ह्यात रस्त्याकडेला त्यांचा मृतदेह सापडला. अंगावर छळाच्या खुणा होत्या. पोलिसांनी बेवारस म्हणून दफन उरकले आणि वर्तमानपत्रातील छायाचित्रावरून घरच्यांना ओळख पटली. २०१८ मध्ये न्यायालयाने त्या ओळखीच्या माणसाला फाशीची शिक्षा सुनावली, तीही तो फरार असताना. एका खुन्याला शिक्षा झाली की असे प्रकरण संपते का, आणि तिथल्या कार्यकर्त्यांचा जाच त्यानंतर कमी झाला का, हे जाणकारांनी सांगावे.

गिरणगावकर

संपले असे म्हणवत नाही, कारण खटला एकाच आरोपीवर चालला आणि त्याला हे काम कोणी सांगितले, या प्रश्नाला न्यायालयात उत्तर मिळाले नाही. त्या माणसाचे सुरक्षा यंत्रणांशी लागेबांधे होते, असे अमिनुल यांचे सहकारी पहिल्यापासून सांगत आले आहेत.

शिवाय २०१२ च्या आधीचे वर्ष-दोन वर्षे पाहिल्याशिवाय हा खून समजत नाही. जून २०१० मध्ये, किमान वेतनाचे आंदोलन पेटलेले असताना, राष्ट्रीय गुप्तचर संस्थेच्या लोकांनी अमिनुल यांना उचलले होते. त्यांना बेदम मारहाण झाली आणि संघटनेच्या नेत्यांनीच दंगल घडवली, अशा जबाबावर सही करण्यासाठी दबाव आणला गेला; ते कसेबसे निसटले. त्याच सुमारास त्यांच्या संस्थेची, म्हणजे बांगलादेश सेंटर फॉर वर्कर सॉलिडॅरिटीची, नोंदणी सरकारने रद्द केली आणि ऑगस्टमध्ये तिच्या नेत्या कल्पना अख्तर व कामगार नेते बाबुल अख्तर यांना अटक झाली. वर्षअखेरीस औद्योगिक पोलीस हे स्वतंत्र दलही उभे राहिले. ज्याच्यावर सरकारी यंत्रणेची अशी नजर होती, त्याचा मृतदेह ‘अनोळखी’ म्हणून पुरला जावा, हे मला तरी निव्वळ योगायोगाचे वाटत नाही.

नीरक्षीर

वरील माहितीशी सहमत आहे, परंतु खुनावरच लक्ष खिळले की रोजचा जाच नजरेआड होतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

तिथले सर्वांत प्रभावी हत्यार म्हणजे फिर्याद. संप किंवा मोर्चा झाला की कारखान्याचा व्यवस्थापक तोडफोडीची तक्रार देतो. तिच्यात काही जणांची नावे असतात आणि पुढे ‘इतर शेकडो अनोळखी व्यक्ती’ असे लिहिलेले असते. ही मोकळी जागा पुढे कोणाच्याही नावाने भरता येते, त्यामुळे त्या दिवशी गावी असलेल्या कार्यकर्त्यालाही महिन्याभराने उचलता येते. जामीन मिळाला तरी तारखा सुटत नाहीत, आणि शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला प्रत्येक तारखेला रोजगार बुडवणे परवडत नाही.

डिसेंबर २०१६ मधील आशुलियाचा संप हे याचे ठळक उदाहरण होय. तेव्हा किमान वेतन महिन्याला ५,३०० टाका (बांगलादेशी चलन) होते. संप पसरताच मालकांनी कामगार कायद्याच्या कलम १३(१) चा आधार घेऊन पन्नासहून अधिक कारखाने बंद केले (बेकायदा संप ठरवला की बंद काळातील पगार द्यावा लागत नाही). दीड हजारांहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या गेल्या आणि संपाशी संबंध नसलेले युनियनचे पदाधिकारीही तुरुंगात गेले. काहींवर खटल्याविना स्थानबद्ध ठेवण्याची मुभा देणारा १९७४ चा विशेष अधिकार कायदा लावण्यात आला. २०१९ च्या सुरुवातीच्या संपानंतर तर काढून टाकलेल्यांची छायाचित्रे फाटकावर लावल्याचे प्रकार समोर आले. ते छायाचित्र शेजारच्या कारखान्याचा भरती करणारा माणूसही पाहतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

जाच कमी झाला का, या प्रश्नाचे उत्तर मात्र साफ नकारार्थी आहे. २५ जून २०२३ रोजी गाझीपूरमध्ये शहिदुल इस्लाम हे संघटक एका कारखान्यातील कामगारांच्या थकलेल्या पगारासाठी गेले होते. तिथून बाहेर पडल्यावर त्यांना मारहाण झाली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी वेतनवाढीच्या आंदोलनात कामगार मारले गेले. मागणी २३,००० टाकांची होती, मंजूर झाले १२,५००.

वाचनवेडी

दोघांचेही आभार. मग आपल्यासारख्या ग्राहकांनी ‘मेड इन बांगलादेश’ कपडे घेणे बंद करावे का?

नीरक्षीर

स्वतः कल्पना अख्तर यांनीच अनेकदा बहिष्कार नको असे सांगितले आहे, कारण ऑर्डर गेली तर पहिली गदा कामगार बायकांच्या नोकरीवर येते. दबाव खरेदीदार कंपन्यांवर हवा. आशुलियाच्या अटकसत्रानंतर एच अँड एम, इंडिटेक्स, सी अँड ए अशा कंपन्यांनी फेब्रुवारी २०१७ च्या ढाक्यातील वस्त्रपरिषदेकडे पाठ फिरवली, आणि त्यानंतर अल्पावधीत तोडगा निघून अटकेतील नेते सुटू लागले. जे काम महिनाभराच्या निवेदनांनी झाले नव्हते, ते रिकाम्या खुर्च्यांनी केले.

गिरणगावकर

एक पुरवणी. सुटका म्हणजे खटला मागे घेणे नव्हे, आणि कंपन्यांची निवेदने नेमकी इथेच गुळमुळीत होतात. त्यामुळे त्यांना विचारायचेच असेल तर दोन गोष्टी थेट विचाराव्यात : आपल्या पुरवठादाराने कामगारांवर घातलेल्या फिर्यादी मागे घेतल्या का, आणि काढलेल्यांना त्याच कारखान्यात परत घेतले का. आचारसंहितेची पुस्तिका पाठवून दिली, तर ते उत्तर धरू नये.